जोड कुठे, जोर कुठे : इंग्रजी जोडविशेषणांच्या उच्चाराचा आढावा

गोंदिया जिल्ह्यातले मूल पहिल्यांदा इंग्रजीच्या तासाला बसते, तेव्हा दोन-तीन भाषा त्याच्या कानात आधीच मुरलेल्या असतात. घरी पोवारी, झाडीबोली, गोंडी नाहीतर छत्तीसगढी, बाजारात हिंदी, शाळेत प्रमाण मराठी. जिल्ह्याच्या एका अंगाला बालाघाट, दुसऱ्या अंगाला राजनांदगाव. सालेकसा-देवरीकडच्या मुलांना तर एका वाक्यात तीन भाषा ऐकायची सवय असते. असा तयार कान महाराष्ट्रातल्या फार थोड्या जिल्ह्यांना लाभला आहे. तरीही कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गात इंग्रजी उतारा मोठ्याने वाचायला सांगितला की ठरावीक जागी गाडी अडते. ‘मिडल-एज्ड’चे ‘मिडल-एजेड’ होते, ‘वेल-ड्रेस्ट’चे ‘वेल-ड्रेसेड’ होते, ‘ओल्ड-फॅशन्ड’चे ‘ओल्ड-फॅशनेड’ होते. आणि शब्द बरोबर आला तरी त्यातली सगळी सिलॅबल एकाच वजनाने पडतात.

दोष मुलांच्या जिभेचा नाही. ही विशेषणे आपण डोळ्यांनी शिकवतो, कानांनी शिकवत नाही. जून 2000 पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, त्याआधी ते पाचवीपासून होते. नंतर सेमी-इंग्रजीचे वर्ग वाढले. इंग्रजीची वर्षे वाढली, पण कंपाउंड ॲडजेक्टिव्हचा धडा होता तिथेच राहिला: दोन शब्द घ्या, मध्ये आडवी रेघ मारा, अर्थ लिहा, रिकाम्या जागा भरा. उच्चाराची पाळी आलीच तर अध्यापक पदविकेच्या किंवा बी.ए.च्या पेपरात ‘या शब्दात किती सिलॅबल?’ असा प्रश्न येतो आणि विद्यार्थी अक्षरे मोजून उत्तर देतो. गेल्या शंभर वर्षांत या विषयावर इंग्रजीच्या अभ्यासकांनी पुष्कळ काम केले आहे. त्यातले आपल्या वर्गाच्या उपयोगाचे काय आणि सोडून द्यावे असे काय, ते पाहण्यासाठी हा आढावा.

सुरुवात जोडापासून करायला हवी, कारण तिथे सर्वांचे एकमत आहे. जोडविशेषण म्हणजे दोन शब्दांचा समास, आणि जिथे शब्द जुळतात तिथे सिलॅबलची सीमा पक्की असते. पहिल्या शब्दाचे शेवटचे व्यंजन उचलून दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे नाही. ‘नाइट’ आणि ‘रेट’ मिळून रात्रीचा दर होतो, आणि धानाच्या बांधीत टाकायच्या खतातले ‘नायट्रेट’ वेगळे. ध्वनी तेच, क्रम तोच. तरी इंग्रज माणसाला दोन्ही वेगळे ऐकू येतात, कारण पहिल्यात ‘ट’ थांबतो आणि दुसऱ्यात तो ‘र’ला चिकटतो.

ही गोष्ट मराठी मुलाला नव्याने शिकवावी लागत नाही, फक्त दाखवून द्यावी लागते. ‘कामचुकार’ हे आपलेच जोडविशेषण घ्या. लिहिताना अक्षरे पाच, बोलताना सिलॅबल तीनच: काम्, चु, कार्. ‘मनमिळाऊ’ लिहिताना पाच, बोलताना चार: मन्, मि, ळा, ऊ. ‘तोंडपाठ’, ‘घरजावई’, ‘मोरगाव’ सगळीकडे हेच. पहिल्या पदाच्या शेवटचा ‘अ’ आपण गाळतो, जणू शब्द तिथे संपलाच आहे. कुणीही ‘म-नमि-ळाऊ’ असे तोडत नाही. म्हणजे समासाचा सांधा ओळखून तिथे सिलॅबल बंद करायची जाण या मुलांना आईच्या दुधाबरोबर मिळालेली आहे, आणि लिखित अक्षर वेगळे, उच्चारातले सिलॅबल वेगळे, हेही ती रोज आचरणात आणतात. अशोक केळकरांनी 1958 साली कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहिला, रमेश धोंगडे आणि काशी वाली यांचे मराठीवरचे इंग्रजी पुस्तक 2009 साली निघाले. अभ्यास आपल्याकडे झालेला आहे. तो डी.एल.एड.च्या वर्गापर्यंत पोचायला हवा.

सांध्यावर एकमत आहे, पण शब्दाच्या पोटात शिरलो की वाद सुरू होतात. ‘ॲब्सन्ट-माइंडिड’ची सिलॅबल चार, याबद्दल शंका नाही. पण तिसरे सिलॅबल ‘माइन’ की ‘माइंड’? एक पक्ष म्हणतो, मधले व्यंजन शक्यतो पुढच्या सिलॅबलला द्यावे. लाँगमनच्या उच्चारकोशाचे कर्ते जे. सी. वेल्स यांनी 1990 मध्ये उलट मत मांडले: व्यंजन ज्या स्वरावर जोर जास्त त्याच्याकडे ओढले जाते, म्हणून ‘माइंड’ अख्खा ठेवा. त्याआधी 1976 मध्ये डॅनियल कान यांनी तिसरीच वाट काढली होती. त्यांच्या मते असे व्यंजन एकाच वेळी दोन्ही सिलॅबलांचे असते. वाद खरा आहे, पण तो अभ्यासकांचा आहे. संख्या चारच राहते, ऐकणाऱ्याला फरक पडत नाही. शाळेच्या वर्गात त्यावर एक मिनिटही घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कोशात शब्दाच्या मध्ये छापलेले ठिपके हाही एक गैरसमजाचा विषय. अनेक शिक्षक ते सिलॅबलचे ठिपके समजतात. मुळात ते ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हे छापखान्याला सांगण्यासाठी असतात. ब्रिटिश परंपरा शब्दाची व्युत्पत्ती पाहून तोडते, नोहा वेब्स्टरच्या वळणाची अमेरिकन परंपरा उच्चार पाहून. म्हणून ‘नॉलेज’ हा एकच शब्द इंग्लंडमध्ये एका जागी तुटतो आणि अमेरिकेत दुसऱ्या. ठिपक्यांवरून उच्चार शिकवू नये, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

खरी अडचण शेवटच्या ‘ई-डी’ची आहे, आणि तिथे थोडे थांबायला हवे. इंग्रजीतली पुष्कळ कामाची जोडविशेषणे याच शेपटीवर उभी असतात. ती समजावून द्यायला गोंदियाच्या शिक्षकाला पुस्तकाबाहेरचे एक उदाहरण हाताशी आहे: सारस. महाराष्ट्रात हा पक्षी आज मुख्यतः गोंदिया आणि त्याच्या शेजारच्या भंडाऱ्याच्या पट्ट्यात, तळ्यांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने टिकून आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. लाल डोके, लांब मान, लांब पाय. फळ्यावर सारस काढा आणि इंग्रजीत त्याचे वर्णन करा.

डोके लाल, म्हणून ‘रेड-हेडेड’. ‘हेड’ हा शब्द ‘ड’वर संपतो. ‘ड’नंतर लगेच दुसरा ‘ड’ म्हणता येत नाही, मध्ये स्वर घ्यावाच लागतो. म्हणून इथे वेगळे सिलॅबल येते: रेड, हे, डिड. तीन. मान लांब, म्हणून लिहिताना ‘नेक’पुढे तीच ‘ई-डी’. पण ‘क’ हा अघोष ध्वनी, त्यामुळे शेपटीचा नुसता ‘ट’ होतो: लाँग-नेक्ट. सिलॅबल दोनच. पाय लांब, म्हणून ‘लाँग-लेग्ड’. ‘ग’ घोष, म्हणून नुसता ‘ड’, इथेही दोन. एकाच पक्ष्याच्या अंगावर तिन्ही प्रकार मिळाले. शेवटचा ध्वनी ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तरच ‘इड’ वेगळे म्हणायचे, अघोषानंतर ‘ट’, बाकी सगळीकडे ‘ड’. ‘काइंड-हार्टिड’ आणि ‘शॉर्ट-साइटिड’ पहिल्या घरात, ‘वेल-ड्रेस्ट’ दुसऱ्या, ‘ब्लू-आइड’, ‘मिडल-एज्ड’, ‘ओल्ड-फॅशन्ड’ तिसऱ्या.

सारसाच्याच पायांपाशी अपवादही सापडतो. ‘लेग्ड’ला ‘लेगिड’ असाही मान्य उच्चार आहे, आणि शाळेच्या क्रीडादिनाच्या तीन पायांच्या शर्यतीला इंग्लंडात पुष्कळ लोक ‘थ्री-लेगिड’च म्हणतात. ‘लर्निड’ म्हणजे विद्वान, ‘ब्लेसिड’ म्हणजे धन्य, ‘क्रुकिड’ म्हणजे वाकडा, ‘एजिड’ म्हणजे वयोवृद्ध, ही सगळी याच कुळातली. त्यातले शेवटचे फसवे आहे: एकटा शब्द वृद्धांसाठी आला तर ‘एजिड’, पण ‘मिडल’ला जोडला की ‘एज्ड’. विद्यार्थी ‘मिडल-एजेड’ म्हणतो तेव्हा त्याने हा एकटा शब्द कुठेतरी ऐकलेलाही असू शकतो.

हे अपवाद आकाशातून पडलेले नाहीत. जुन्या इंग्रजीत ही शेपटी सगळीकडे वेगळ्या सिलॅबलने म्हटली जाई. हळूहळू मधला स्वर गळाला आणि काही विशेषणे मागे राहिली. 1712 मध्ये जोनाथन स्विफ्टने इंग्रजी भाषेच्या सुधारणेसाठी जो प्रस्ताव छापला त्यात याच गळतीबद्दल तक्रार केली होती: स्वर गाळून व्यंजनांची टक्कर घडवणारे उच्चार त्याला कर्कश वाटत. आपला विद्यार्थी ‘ड्रेसेड’ म्हणतो ते तीनशे वर्षांपूर्वीच्या या मोठ्या लेखकाच्या कानाला आजच्या उच्चारापेक्षा गोड लागले असते. वर्गात हे जरूर सांगावे. चूक सुधारताना मुलाचा आत्मविश्वास टिकतो आणि भाषा बदलत असते हेही त्याला कळते.

आता जोराकडे. इंग्रजी सामासिक नामांचा जोर बहुधा पहिल्या पदावर पडतो. ‘ब्लॅकबोर्ड’मध्ये ‘ब्लॅक’वर जोर दिला की तो फळा, ‘ब्लॅक’ आणि ‘बोर्ड’ सुटे म्हणून ‘बोर्ड’वर दिला की कुठलीही काळी पाटी. जोडविशेषणांचे पुष्कळदा उलटे असते. पहिले पद विशेषण, अंक किंवा क्रियाविशेषण असेल तर मुख्य जोर दुसऱ्या पदावर जातो: ‘ॲब्सन्ट-माइंडिड’मध्ये ‘माइं’वर, ‘वेल-नोन’मध्ये ‘नोन’वर, ‘गुड-लुकिंग’मध्ये ‘लु’वर. पहिले पद नाम असेल तर जोर बहुधा पहिल्यावर येतो: ‘होमसिक’, ‘वॉटरप्रूफ’, ‘टाइम-कन्झ्यूमिंग’. पण नाम उपमेसाठी किंवा अर्थ गडद करण्यासाठी आले असेल तर जोर पुन्हा दुसऱ्या पदावर जातो: ‘स्नो-व्हाइट’, ‘आइस-कोल्ड’, ‘ब्रँड-न्यू’. आपल्या ‘पांढराशुभ्र’, ‘लालभडक’, ‘हिरवागार’ या शब्दांच्या घराण्यातले हे शब्द. चॉम्स्की आणि हॅली यांनी 1968 मध्ये इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात समासाच्या जोराचे नियम बीजगणितासारखे मांडले. तरीही अपवादांची यादी उरलीच, आणि आजही कोश उघडून पाहण्याला पर्याय नाही.

जोराच्या जागेने समासाचा अर्थ बदलतो, ही कल्पना भारतीय वाचकाला परकी वाटू नये. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाच्या कथेचा दाखला दिला आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. ‘इंद्राचा शत्रू’ म्हणजे इंद्राला मारणारा, असा तत्पुरुष म्हणायचा तर उदात्त स्वर शेवटी यायला हवा. तो आला पहिल्या पदावर. समास बहुव्रीही झाला, अर्थ झाला ‘इंद्र ज्याचा मारक आहे तो’, आणि तो पुत्र, वृत्र, स्वतःच मारला गेला. बहुव्रीहीत पहिल्या पदाचा मूळ स्वर टिकतो, असा पाणिनीचा नियमच आहे. आजच्या मराठीत स्वराघाताने असा अर्थ बदलत नाही, आणि म्हणूनच आपल्या मुलांना इंग्रजीचा जोर ऐकू येत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पुढचा शब्द पाहून इंग्रजीतला जोर सरकतो त्यामुळे. गोंदिया जंक्शनवरचेच उदाहरण पाहू. डब्याबद्दल बोलताना ‘तो सेकंड-क्लास आहे’ असे इंग्रजीत म्हटले तर जोर ‘क्लास’वर. पण ‘सेकंड-क्लास तिकीट’ म्हटले की ‘क्लास’चा जोर उतरतो आणि ‘से’ ठळक होतो, कारण पुढे लगेच ‘टि’चा ठोका येणार असतो. दोन ठोके शेजारी आले की इंग्रजी कानाला ठेच लागते, म्हणून पहिला ठोका मागे जातो. गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरला जाणारी, आता ब्रॉडगेज झालेली छोटी लाइन एकेकाळी दोन फूट सहा इंचांची होती. तिच्याबद्दल बोलताना विशेषण वाक्याच्या शेवटी आले तर जोर ‘गेज’वर, ‘नॅरो-गेज लाइन’ म्हटले की ‘नॅ’वर. ‘वेल-नोन’ आणि ‘वेल-नोन रायटर’ यांतही हाच खेळ. लिबरमन आणि प्रिन्स यांनी 1977 मध्ये या सरकण्याची नेटकी मांडणी केली. मोजमाप करणाऱ्या काही ध्वनिशास्त्रज्ञांचे म्हणणे थोडे वेगळे आहे: जोर खरोखर पुढून मागे जात नाही, पुढे येणाऱ्या शब्दामुळे दुसऱ्या पदाचा जोर फक्त मावळतो आणि पहिल्याचा होता तेवढाच उठून दिसतो. कानाला दोन्हींचा परिणाम एकच.

एकच शब्द जागा पाहून वेगळा म्हणायचा, हे झाडीबोलीच्या मुलाला अवघड जायचे कारण नाही. घरी ‘पानी’ आणि ‘डोरा’ म्हणणारे मूल शाळेत ‘पाणी’ आणि ‘डोळा’ म्हणते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीला स्वतःचे नियम असलेली बोली म्हणून मान मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या कामाचा एक धडा असा की हे मूल अशुद्ध बोलत नाही, ते जागेप्रमाणे उच्चार बदलते. इंग्रजी जोर शिकवताना याच कौशल्याला हाक द्यायची.

हे सगळे करणे गरजेचे आहे का, यावरही मतभेद आहेत. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतून आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरचा अभ्यास 1969 मध्ये निघाला. आपले इंग्रजी परदेशी श्रोत्यांना कळत नाही यामागे शब्दातल्या जोराच्या चुका हे एक मोठे कारण, असा त्याचा रोख होता. त्यांनी हॅरिसन यांच्यासह 1972 मध्ये लिहिलेले पाठ्यपुस्तक भारतातल्या विद्यापीठांत पिढ्यान्पिढ्या चालले. मग 2000 साली जेनिफर जेन्किन्स यांनी उलटा प्रश्न विचारला: इंग्रजी बोलणारे दोघेही बिगर-इंग्रज असतील तर इंग्लंडचा जोर कशाला? त्यांनी शब्दाच्या जोराला अत्यावश्यक यादीतून वगळले. व्यंजनांचे गुच्छ, स्वरांची लांबी आणि वाक्यातला मुख्य जोर मात्र ठेवला. 2005 मध्ये जॉन फील्ड यांनी श्रोत्यांवर प्रयोग करून दाखवले की जोराची चूक समजण्यात अडथळा आणतेच, विशेषतः जोर चुकून पुढच्या सिलॅबलवर गेला तर. इंग्रजी ठोक्याच्या तालावर चालते आणि इतर काही भाषा सिलॅबलच्या तालावर, हे केनेथ पाइकपासून चालत आलेले विभाजनही घड्याळ लावून मोजल्यावर तितके काटेकोर उरले नाही.

माझा कल जेन्किन्स यांच्या बाजूला झुकतो, पण पूर्ण नाही. गोंदियाचा विद्यार्थी पुढे नागपूर, रायपूर, पुणे किंवा हैदराबादला जातो. त्याच्याशी इंग्रजी बोलणारा बहुतेक वेळा भारतीयच असतो. त्याने लंडनच्या वळणाने बोलावे असा आग्रह धरणे अन्याय आहे. पण ‘ई-डी’ची शेपटी आणि सांधा सोडून चालणार नाही, ते चुकले की शब्दच ओळखू येत नाही. जोराचे सरकणे बोलण्यासाठी सक्तीचे करू नये, ऐकण्यासाठी मात्र शिकवावे. बातम्या, व्याख्याने, मुलाखती ऐकताना ‘वेल’ ठळक आणि ‘नोन’ पुसट आला तर विद्यार्थी तो शब्द गमावतो.

साधने घरचीच आहेत. पूर्वी तर्खडकर भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या, पण ती भाषांतराची वाट होती, कानाची नव्हे. आता मोबाइलवरचा कोश शब्द बोलून दाखवतो. एक फोन आणि वर्गाला ऐकू जाईल असा छोटा स्पीकर एवढ्यावर काम भागते. देवनागरीत उच्चार लिहिण्याची लाज बाळगू नये, फक्त ‘ड्रेसेड’ न लिहिता ‘ड्रेस्ट’ लिहावे. देवनागरीत जोर दाखवता येत नाही असेही नाही: ऋग्वेदाच्या छापील प्रतींत अक्षराखाली आडवी आणि अक्षरावर उभी रेघ देऊन स्वर दाखवतातच. फळ्यावर जोराच्या सिलॅबलखाली खडूची एक जाड रेघ ओढली तरी वर्गाचे काम होते.

जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना म्हणून एक विनंती. ‘किती सिलॅबल?’ हा लेखी प्रश्न कमी करा. तोंडी परीक्षेत सारसाचे चित्र पुढे ठेवा, त्याचे तीन जोडविशेषणांत वर्णन करायला सांगा, आणि गुण ऐकून द्या.